शब्दाचं कूळ

येसाजीच्या मुलीचं, आवडीचं, लग्न ठरल्यात जमा होतं, तेवढ्यात मुंबईहून रामाचं पत्र आलं. रामा हा नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ. मुलाचं नाव हैबती, आणि तो मुंबईत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करी. रामाने लिहिलं होतं, 'हैबती निर्व्यसनी आहे, कामाला चोख आहे, पण जरा पेसिमिस्ट आहे. मागून बोल नको म्हणून आधीच कळवतो.'

पेसिमिस्ट म्हणजे काय, हे अख्ख्या कुडपण गावात कुणाला ठाऊक नव्हतं. येसाजीने मात्र लगेच उलगडा केला. "टायपिस्ट असतो, केमिस्ट असतो, तसाच ह्यो पेसिमिस्ट. मोठी जागा असंल." आठ दिवस तो ज्याला त्याला सांगत फिरला. नवव्या दिवशी त्याला जेवायला वाढताना बायको ठमाबाई म्हणाली,

"अवो, पण त्यानं 'पण' लिवलंय."

"मग?"

"चांगल्या गोष्टीच्या आदी कोन 'पण' लिवतं?"

येसाजीचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो डोंगर उतरून पोलादपुरास आला आणि तिथून बसने महाडला गेला. महाडात मुरारी मास्तर होते. त्यांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि त्यांच्याकडे उशीएवढा जाड कोश होता.

मास्तरांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांना कुणी एका शब्दाचाही अर्थ विचारला नव्हता. येसाजीला त्यांनी ओटीवर सतरंजी घालून बसवलं.

"शब्द कुठे भेटला तुम्हाला?"

घरातली गोष्ट परक्याला कशाला, म्हणून येसाजी म्हणाला, "एका कागदावर व्हता."

"येसाजीराव, माणसासारखंच शब्दाचं असतं. आधी कूळ बघावं, मग गुण." मास्तरांनी चष्मा पुसला. "हा लॅटिनमधून आला. रोमन लोकांची ती जुनी भाषा. त्यांच्यात 'पेसिमस' म्हणून शब्द होता. बघा, वाईट, त्याहून वाईट आणि सगळ्यांत वाईट. त्यातला हा तिसरा."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत. याच्या खाली पायरीच नाही," मास्तर खुशीत म्हणाले. "आता खरी गंमत पुढेच आहे. थांबा, आतून दुसरं पुस्तक आणतो."

ते पुस्तक घेऊन बाहेर आले तेव्हा सतरंजी रिकामी होती. बसची वेळ झाली असेल, असं म्हणून मास्तर हळहळले आणि पुढची गंमत एकटेच वाचत बसले.

येसाजी तोवर पोस्टात पोचला होता. तिथल्या टेबलावरच त्याने कार्ड लिहिलं. 'तुमचा मुलगा सगळ्यांत वाईट असल्याचे महाडच्या मुरारी मास्तरांनी पुस्तकात पाहून सांगितले. सबब लग्न मोडले असे समजावे.'

तीन आठवड्यांनी तेच कार्ड हातात धरून रामा मास्तरांच्या ओटीवर उभा राहिला.

"मास्तर, माज्या भावानं तुमचं काय घोडं मारलंय?"

मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं. मग ते हळूच खाली बसले.

"अहो, मी फक्त शब्दाबद्दल बोललो."

"तुमी शब्दाबद्दल बोललात, हितं मानसाचं लगीन गेलं."

"तुमचा भाऊ काय म्हणाला?"

"काय म्हननार? मला ठावंच व्हतं, म्हनला. समद्यांनी सांगून बी लग्नाच्या कोटाचं माप त्यानं दिलं नव्हतं."

मास्तरांना त्या रात्री झोप आली नाही. मास्तर दहा वर्षांत डोंगर चढले नव्हते, पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, चार ठिकाणी बसत बसत, ते कुडपणला पोचले. ठमाबाईने पाणी दिलं. दम खाल्ल्यावर मास्तरांनी सगळं नीट सांगितलं.

"पेसिमिस्ट म्हणजे निराशावादी. पुढे जे होईल ते वाईटच होईल, असं ज्याला वाटतं तो. हा स्वभाव झाला. माणूस वाईट नव्हे."

"मंजे माज्यासारखा," ठमाबाई म्हणाली. "मला दर साली वाटतं, औंदा नाचनी जायाची. म्हनून तर मी बियानं राखून ठेवते."

येसाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुमी सोमवारच्या आदी याया पायजे व्हतं. सोमवारी दुसरीकडं सुपारी फुटली."

मुलाचं नाव मोरू. तोही मुंबईलाच होता.

"कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"लय मोकळा. खोली मिळंल, नोकरी पक्की व्हईल, समदं बेस व्हईल, म्हनतो."

इथे मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची सवय. "त्यालाही शब्द आहे," ते म्हणाले. "ऑप्टिमिस्ट."

"आनि त्याचं कूळ?"

मास्तरांना उत्तर द्यावंसं वाटेना. पण खोटंही सांगवेना. "सगळ्यांत चांगला," ते खाली बघत म्हणाले.

येसाजीचा चेहरा खुलला. "बगा. मंजे देवानंच केलं."

आवडी दारापाशी बसून नाचणी पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "मास्तर, त्यो हैबती बगायला आलता तवा मी च्या दिलता. कपाला तडा असंल म्हनून त्यानं आदीच खाली बशी धरली."

"मग?"

"तडा व्हताच. त्याच्या कापडावर थेंब पडला नाय."

"आता त्याचं काय गो," येसाजी म्हणाला. मास्तर उन्हं उतरायच्या आत डोंगर उतरले.

दोन वर्षं गेली. शिमग्याच्या आदल्या दिवशी मास्तरांना महाडच्या एस.टी. स्टँडवर रामा दिसला. शेजारी एक उंच, सडपातळ माणूस आभाळात ढग नसताना छत्री घेऊन उभा होता. रामाने ओळख करून द्यायच्या आधीच मास्तरांनी हात जोडले.

"हैबतराव, माझ्या जिभेनं तुमचं नुकसान केलं."

"ऱ्हाऊ द्या मास्तर," हैबती म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमी नसता तर दुसरं कायतरी आडवं आलं असतं." मग त्याने विचारलं, "ती मुंबईत असंल ना आता?"

कुडपणच्या माणसांकडून मास्तरांना सगळं कळत होतं. "अजून नाही. सासरीच असते, गावी. मोरूला खोली मिळायची आहे. या महिन्यात मिळेल म्हणतो."

हा महिना दोन वर्षं चालला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. पण हैबतीला ते कळलं असावं. तो छत्रीच्या मुठीकडे बघत राहिला. पोलादपूरची बस लागली, माणसं धावली. रामाने पिशव्या उचलल्या. हैबती पायरीवर एक पाय ठेवून मागे वळला.

"मिळंल खोली, मास्तर. चांगलंच व्हईल तिचं."

रामा चमकला. पिशव्या खाली ठेवून त्याने हैबतीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.