दिगूदादा आणि मागचं चालणारं यंत्र

होळीच्या बाजारात दिगूदादा राऊत कुकर घ्यायला गेले होते. मी पिशवी धरायला सोबत. दुकानदाराने पाच लिटरचा नवा कुकर काढला, झाकण लावून दाखवलं, शिट्टी फिरवून दाखवली. दादांनी शर्टाच्या खिशातून जुन्या कुकरची रबरी रिंग काढली आणि विचारलं, "याला मागचं चालेल का?"

"काका, नव्या कुकरबरोबर नवी रिंग येते की."

"ते झालं. मग या रिंगने काय करायचं?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताला टांगलेल्या झाऱ्यांकडे पाहिलं. रिंग बसली नाही. आम्ही कुकर न घेता परत आलो आणि पुढचे दोन महिने वहिनींनी डाळ पातेल्यात शिजवली.

मागचं चालेल का? हा प्रश्न दादांनी आयुष्यात किती जणांना विचारला असेल, याची मोजदाद नाही. नवा चष्मा करताना काचवाल्याला विचारला. पाण्याचं नवं मीटर लावायला आलेल्या माणसाला विचारला. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भर बैठकीत व्याह्यांना विचारला. "मुलगी कथ्थक शिकते. तुमच्याकडे मागचं चालेल का?" सगळे हसले. मला राग आला, कारण तो प्रश्न बापाने विचारायला हवा होता आणि मी पोह्यांची ताटली फिरवत होतो.

वसईजवळच्या वटार गावात आमची चार मजली इमारत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी दादांची बागायती वाडी होती. पाच भावांची सामाईक. वाडी गेली, भावांना एकेक फ्लॅट मिळाला, चौघांनी ते विकले आणि ज्याला जिथे जायचं तिथे ते गेले. दादा राहिले. पहिल्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात. वसईतल्या एका शाळेत प्रयोगशाळेचे मदतनीस म्हणून त्यांची नोकरी झाली. आता निवृत्त आहेत. शाळेने निरोपाला शाल दिली. थर्मामीटर त्यांनी स्वतः मागून घेतला.

तो थर्मामीटर कशाला, हे सांगायचं तर त्या यंत्राबद्दल सांगावं लागेल. आणि यंत्राबद्दल सांगायचं तर मला दोन गोष्टी कबूल कराव्या लागतील. पहिली सोपी आहे. दुसरी लिहिताना अजून हात अडतो.

यंत्र म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा कन्सोल. दादांचा पुतण्या परदेशी गेला तेव्हा तो त्यांच्याकडे ठेवून गेला. त्यात एकच चकती होती, शेतीच्या खेळाची. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, पीक काढायचं. त्या पोराने आठवडाभरात कंटाळून सोडलेला खेळ दादा अकरा वर्षं खेळत होते. अकरा वर्षं एकच शेत. रोज सकाळी सात ते आठ.

आता यंत्र म्हातारं झालं होतं. चालू केलं की त्याचा पंखा असा घरघरायचा की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. दादा त्याच्या मागच्या जाळीला थर्मामीटर टेकवून तापमान वहीत लिहीत. वहीत आवाजासाठी वेगळा रकाना होता. त्यात 'मंद', 'मध्यम' आणि 'तक्रारीचा' असे तीनच शेरे असत. गेल्या उन्हाळ्यापासून सगळे तक्रारीचे होते. दुरुस्तीवाल्याने दोनदा पंखा बदलला आणि तिसऱ्यांदा हात जोडले. "काका, आता याचा पार्ट येत नाही. हे गेलं की गेलं."

त्या दिवसापासून दादांची झोप उडाली. यंत्र गेलं तर शेत जाणार. उपाय एकच होता. कंपनी नवं यंत्र आणणार, अशी बातमी होती. ते जुनी चकती घेईल का?

दादा रोज मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायचे आणि पावणेनऊला मला जिन्यात गाठायचे.

"प्रमोद, हा म्हणतो नव्याला चकती घालायची खाचच नाही. अरे, खाच नाही तर माणसाने चकती घालायची कुठे, कपाळात?"

दुसऱ्या दिवशी: "दुसरा म्हणतो, मागचं चालेल. पण फक्त मागचं. मागच्याच्या मागचं नाही. आणि माझं मागच्याच्या मागचंच आहे रे!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक इंग्रजी लेख छापून आणला. चांगली आठ पानं. "तू ऑफिसात इंग्रजी वाचतोस. एवढं बघून सांग."

मी वसईतल्या एका कारखान्यात भांडारपाल आहे. मी इंग्रजीत नटबोल्टांची नावं वाचतो. तरी पानं घेतली, डब्याच्या पिशवीत कोंबली आणि विसरलो. दादा विसरले नाहीत. रोज जिन्यात तेच. "वाचलंस?" दारामागून वहिनी ओरडायच्या, "अहो, त्यांना कामावर जाऊ द्या! गावात पानी नाय चार दिवस, आनि यांना त्या टीव्हीतल्या शेताला पानी कोन घालील ही काळजी!" वहिनी नायगावकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. तीस वर्षं वटारला राहून त्यांनी आपलं 'पानी' सोडलेलं नाही. त्या बाबतीत मागचं चालतं.

नवव्या की दहाव्या दिवशी मला उशीर झाला होता. दादा पुन्हा आडवे आले. मी चपला घालता घालता म्हणालो, "वाचलं दादा. चालणार. कंपनीने सांगितलंय."

ही पहिली कबुली. मी एक ओळही वाचली नव्हती.

दादांचा चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं, खोटं बोलून मी पुण्यच केलं. मुलीच्या परीक्षेचा निकाल ऐकल्यावर तिचा चेहरा झाला होता, तसा. जिन्यातून उतरताना मागून त्यांची शीळ ऐकू आली. दादा शीळ घालतात हे मला माहीतच नव्हतं.

चार दिवसांनी, शनिवारी, वहिनी कचरा टाकायला निघालेल्या भेटल्या. म्हणाल्या, "भावोजी, बरं झालं तुम्ही सांगितलंत. यांनी काल ते धूड नालासोपाऱ्याला देऊन टाकलं. दुकानवाला म्हनला, जुनं आता द्या, नवं आलं की पयलं तुम्हाला. आज सकाळी घरात कशी शांतता आहे बघा."

"आणि शेत?" मी विचारलं.

"शेत चकतीत आहे ना. चकती यांनी देव्हाऱ्यात ठेवलीय, बाळकृष्णाच्या मागे."

कारखान्यात पोचलो आणि पहिल्यांदा ती आठ पानं उघडली. नव्या यंत्रात मागचं चालणार की नाही, याबद्दल कंपनीने काहीही सांगितलेलं नव्हतं. नुसते तर्क होते. पण खरी गोष्ट सहाव्या पानावर होती. खेळ चकतीत असतो, पण खेळणाऱ्याने खेळून जे केलेलं असतं ते यंत्राच्या पोटात साठतं, असं तिथे लिहिलं होतं. जुनं यंत्र विकण्याआधी ते काढून घ्या, कारण दुकानदार विकायच्या आधी पोट पुसून टाकतो.

देव्हाऱ्यात होती ती नुसती कोरी जमीन. अकरा वर्षांचं शेत नालासोपाऱ्याच्या दुकानात पडलं होतं.

साहेबांना पोटदुखी सांगितली. रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा कळलं की वसई ते नालासोपारा रस्ता किती लांब आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर निघालेल्या शनिवारच्या गाड्यांची रांग समोरून येत होती आणि प्रत्येक गाडी मला वैरी वाटत होती. दुकानाचं नाव माहीत नव्हतं. स्टेशनबाहेर तीन दुकानांत विचारलं. "एक काका, थर्मामीटरवाले?" तिसऱ्या दुकानातला मालक हसला.

"वो? मशीन के साथ कॉपी भी देके गए. बोले, नए मालिक को टेंपरेचर का हिसाब मालूम होना चाहिए."

काउंटरवर यंत्र होतं, शेजारी दादांची वही. टीव्हीला जोडलेलं. पंखा घरघरत होता. पडद्यावर एक प्रश्न आला होता: सगळं पुसायचं का? मालकाचा अंगठा बटणावर होता.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"क्या हुआ? आपका है?"

"माझं नाही. पण माझ्यामुळे आलंय." मग मी त्याला सगळं सांगितलं. कुणी न विचारता. खोटं बोललो, चूक माझी, म्हाताऱ्या माणसाचं अकरा वर्षांचं शेत आहे, देव्हाऱ्यात चकती आहे. मालकाने ऐकून घेतलं, वायर गुंडाळली आणि यंत्र वहीसकट माझ्या हातात दिलं. "ले जाओ साहब. इतना टेंशन तो मैंने असली खेत में नहीं देखा."

दादांच्या दारात मी यंत्र कडेवर घेऊन उभा राहिलो. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी हात पुढे केले. यंत्र घेतलं, टीव्हीला जोडलं, देव्हाऱ्यातून चकती आणली, तिच्यावरची हळद धोतराच्या कडेने पुसली आणि आत सरकवली. घरघर सुरू झाली. पडदा काळा. मग गोल गोल फिरणारं चिन्ह. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं पीठ लागलेले हात घेऊन थांबल्या. मी मनात कुलदैवताला नवस बोललो. कन्सोलसाठी नवस बोललेला आमच्या घराण्यातला मी पहिला.

शेत आलं.

दादा सोफ्यावर टेकले. "पाणी राहिलंय आजचं," एवढंच म्हणाले आणि खेळायला लागले. मी बाजूला बसलो. अकरा वर्षं समोरच्या दारात राहून मी ते शेत कधी पाहिलं नव्हतं.

"ही सफरचंदं?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"चाफा आहे तो. खेळात सोनचाफा मिळत नाही. सोनचाफ्याच्या जागी सफरचंद धरायचं."

"आणि हा मका?"

"केळी. लांबून तशीच दिसते."

"आणि गाय?"

"गाय आपल्याकडे नव्हती," दादा जरा ओशाळून म्हणाले. "ती फुकट मिळाली. आता काढता येत नाही."

मग पडद्यावरचा तो छोटा माणूस झाडांच्या ओळीतून चालत उत्तरेच्या कोपऱ्यात गेला आणि मला पाणी दिसलं. चौकोनी नाही, गोलही नाही, एका अंगाने उतरतं. काठावर कललेलं एक झाड. मी ते ओळखलं. ते आमचं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं उघडं तळं. त्यातूनच अख्ख्या वाडीला पाणी मिळायचं. इमारत झाली तरी ते पहिली दोन वर्षं कोपऱ्यात शिल्लक होतं. आज तिथे काँक्रीट आहे आणि त्यावर माझी गाडी उभी असते.

ही दुसरी कबुली. डास होतात, लहान मुलं पडतील, तेव्हा बावखल बुजवून तिथे गाड्यांची सोय करावी, असा अर्ज सोसायटीला मी लिहिला होता. खाली 'एक सभासद' अशी सही केली. अर्ज महिनाभर फळ्यावर लागला होता. सभेत दादा शेवटच्या खुर्चीवर बसले होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"दादा," मी म्हणालो. "तो अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे. अक्षर तुझं होतं." नजर पडद्यावरच.

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तेच केलं. बोललो नाही. वर्षभर तुझ्याशी अबोला धरला होता. तुझ्या लक्षात आलं नाही."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं यांना, समोरच्याला कळत नसेल तर त्या अबोल्याचं काय लोनचं घालायचंय?"

मी ते वर्ष आठवायचा प्रयत्न केला. गाडी आठवली, तिच्या पूजेचा नारळ आठवला. दादांचं गप्प राहणं कुठेच आठवेना.

"मग परत का बोलायला लागलात?"

दादांनी खेळ थांबवला. "बोलायला दुसरं कोण आहे? भाऊ गेले. इमारतीत सगळे नवे आले. परवा वरच्या मजल्यावरच्याला म्हटलं, तुझी स्कूटर बावखलात उभी आहे. तो वाकून टायर बघायला लागला. तू बुजवलंस खरं, पण तू ते पाहिलंयस तरी. एवढ्या इमारतीत पाहिलेला तूच एक."

दादांनी हातातलं बटणांचं खोकं माझ्याकडे सरकवलं. "धर जरा. मी गोळी घेऊन येतो. पश्चिमेची ओळ राहिलीय, तिला पाणी घाल."

मी घाबरत घाबरत एक बटण दाबलं. तो माणूस वळला आणि भराभर चालत सरळ बावखलात शिरला. मी दुसरं बटण दाबलं. तो आणखी आत गेला.

"दादा! दादा, हा बुडतोय!"

दादा दारात पाण्याचा पेला घेऊन उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, गोळी गिळली आणि म्हणाले, "बुडत नाही. त्या अंगाला उतार आहे, तसाच ठेवलाय मी. कमरेच्या वर पाणी येत नाही."

मी अंगठा उचलला. तो माणूस पाण्यात उभा राहिला.