चांगुणाच्या दंडातलं विष

"सुनेच्या दंडात काय घातलं ते बराबर सांगा, बाई," भागूबाईने विचारलं आणि जनकाबाई नर्सने खरं ते सांगून टाकलं. घोटाळा तिथंच झाला.

साल शहात्तर. शिरड शहापूरला नुकत्याच बदलून आलेल्या जनकाबाईला "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण थापा मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "धनुर्वाताच्या जंतूचं विष आहे, मावशी. त्याचा मारकपणा काढलाय. अंगाला एकदा ओळख पटली, की खरं विष आलं तरी अंग त्याला दारात उभं करत नाही. पोटातलं लेकरूबी वाचतं."

यातलं विष तेवढं भागूबाईने घरी नेलं.

विष म्हटलं की गावात पहिली परीक्षा कडुलिंबाची. साप चावलेल्याला पाला चघळायला देतात. कडू लागला तर ठीक, गोड लागला तर विष चढलं. भागूबाईने पोटुशा सुनेला मूठभर पाला दिला. चांगुणाने तो चघळला आणि आणखी मागितला.

"गोड लागून राहिला," ती म्हणाली.

सासऱ्याने, कोंडीबाने, तडक बैलगाडी जुंपली. वाटेत चांगुणाचा डोळा लागू नये म्हणून दोन बायका तिला गदागदा हलवत होत्या. अर्धं गाव गाडीमागून दवाखान्यात शिरलं.

"पाला गोड लागला हिला. काढा ते इख," कोंडीबा म्हणाला.

जनकाबाईने चांगुणाला बाकावर बसवलं. ही सून बिथरली तर गावात दुसरा दंड उघडणार नव्हता. तिने नाडी पाहिली. चांगुणा ठणठणीत होती, धापा कोंडीबाच टाकत होता.

"पाला कधीपासून गोड लागतोय गं?"

"तिसरा लागल्यापासून," चांगुणा लाजली. "चोरून खाऊन राहिले. आत्याबाईला सांगितलं न्हाई."

"डोहाळे आहेत, मावशी," जनकाबाई म्हणाली.

गर्दी हसली. भागूबाई मात्र मटकन बाकावर बसली.

"माजं पयलं लेकरू धनुर्वातानं गेलं, सातव्या दिशी. तवा हे काहून न्हवतं?"

"इथवर पोचलं नव्हतं, मावशी."

जनकाबाईला फार वाईट वाटलं. भागूबाई डोळे पुसून सुनेला घेऊन गेली. परत येते म्हणाली नाही.

महिन्याने दुसऱ्या सुईच्या दिवशी जनकाबाई धास्तावूनच दवाखान्यात आली. ओट्यावर भागूबाई बसली होती. शेजारी चांगुणा, आणि मागे घरोघरून ओढून आणलेल्या सगळ्या पोटुशा बायका. जनकाबाईने सुईत औषध ओढलं. भागूबाईने ते उजेडात धरायला लावून डोळे बारीक केले.

"लईच पातळ दिसून राहिलं," ती म्हणाली. "इख बराबर घातलंय न्हवं? पाणी नका वाढवू, बाई."