हमीदचाचांचं हवाई अंतर

आमच्या सोसायटीतल्या हमीदचाचांनी एकदा भर चौकात रिक्षावाल्याशी वाद घातला. मुद्दा असा, की येरवडा ते मंडई हे अंतर रस्त्यानं का मोजायचं? हवेतून मोजा! "सरळ रेघ ओढा. वळणं तुम्ही घेणार आणि पैसे मी का द्यायचे?" रिक्षावालाही अस्सल पुण्याचाच. "मग उडतच जा की चाचा," म्हणाला आणि निघून गेला. चाचा शेवटी बसनं गेले, तेही उभ्यानं.

त्यांची मुलगी शबाना लग्न होऊन टोरांटोला गेली तेव्हापासूनचं हे वेड. त्याआधी मंडईत फळांचा गाळा चालवणारा हा माणूस चिकूशिवाय दुसरं काही बोलत नसे. सोसायटीची सहल खडकवासल्याला निघाली आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकली, तर चाचा म्हणाले, "एवढ्यात विमान हैदराबादला उतरलं असतं." थोड्या वेळानं चेन्नई झालं. मग कोलंबो. चाची वैतागून म्हणाल्या, "तिथनंच येताना कोथिंबीर आणा."

"टोरांटो ना? साडेबारा हजार किलोमीटर. हवेतून!" हे ते अशा सुरात सांगतात, जणू विश्रांतवाडीच्या पुढचाच स्टॉप. माझा नवरा कामासाठी वर्षभर विमानानं फिरतो, पण खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची हे त्याला चाचा सांगतात. एकदा त्यानं विचारलंच, "चाचा, तुम्ही किती वेळा बसलात विमानात?"

"बसायला कशाला लागतं? आंबा पारखायला झाडावर चढावं लागतं का?"

गेल्या महिन्यात शबानाचे दिवस भरत आले आणि चाची एकट्याच निघाल्या. "दोघं गेलो तर घर कोण बघणार?" असं चाचांचं म्हणणं. त्या घरात बघण्यासारखं एक फ्रिज आणि एक टवटवीत कोरफड. मला काही ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरणभात घेऊन गेले. चाचींचं विमान कुठवर पोचलं ते दाखवणारं फोनच्या नकाशावरचं पिवळं विमान चाचा डोळ्यांत तेल घालून बघत होते. सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नव्हता.

"उतरू दे तिला, मग जेवतो. ती विमानातलं काही खायची नाही, तिला वासच चालत नाही. आणि वहिनी, खाली नुसता बर्फ आहे हो! ही बाई स्वेटर मोठ्या बॅगेत टाकून बसलीय."

"मग तुम्ही का नाही गेलात बरोबर?" मी जरा तोडूनच विचारलं.

चाचांनी पडद्यावरून नजर काढली. मग हळूच म्हणाले, "भीती वाटते वहिनी. तिकिटाचं नाव काढलं की मी विषय बदलतो. पोरगी विचारते, अब्बा कधी येताय? मी तिला विमानाचा वेग सांगतो, उंची सांगतो."

टोमणा मारायला एवढी जागा होती; पण मी वरणभात झाकून ठेवला. मी तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी फोन वाजला. चाची उतरल्या होत्या. चाचांनी विचारलं काय, तर "कुछ खाया?" मागून शबानाचा आवाज आला. एवढं पोट सांभाळत विमानतळावर आली होती. "अब्बा, अम्मी आ गयी. अब आप कब?"

"आता हूँ," चाचा म्हणाले. बस, एवढंच.

फोन ठेवून त्यांनी वरणभात पुढ्यात ओढला. दोन घास पोटात गेल्यावर मान वर न करता म्हणाले, "वहिनी, पासपोर्टचा फोटो आपल्या इथं चांगला कोण काढतो हो?"