एका पानामागे दोन नावं

खरातकाकांचा पहिला फोन आला तेव्हा मी हबकलेच. "नमस्कार ताई स्वल्पविराम मी शहागंजातून खरात बोलतो पूर्णविराम तुमची साइट लई बेकार आहे पूर्णविराम."

मी जुन्या मराठी पुस्तकांसाठी एक साइट बनवते. गावोगावचे हौशी लोक पानांचे फोटो पाठवतात, यंत्र ते वाचतं आणि ढीगभर चुका करतं. पडद्यावर डावीकडे फोटो, उजवीकडे यंत्राने वाचलेला मजकूर. माणसांनी तो दुरुस्त करायचा. प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि पानाखाली दोघांची नावं द्यायची हा माझा नियम, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

काकांचा उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेला. आठवड्याला एक तरी फोन यायचाच. बटणं बारीक आहेत, ओळी एकमेकींवर चढल्यात. एकदा तर म्हणाले, "एका पानावर दोघांना एकदम बसायची सोय करा."

"एका खुर्चीत दोघं कसे बसतील, काका?"

"खुर्च्या दोन असत्यात, ताई."

मी हसून सोडून दिलं.

मागच्या महिन्यात नोंदी चाळताना मात्र डोळे पांढरे व्हायची वेळ आली. काकांच्या प्रत्येक पानाची दुसरी तपासणी कुणा कमल खरात यांनी केलेली, त्याच घरातून, त्याच मिनिटाला. म्हणजे दुसरं खातंही हेच चालवत होते! मला वेलांटीवरून झापणारा माणूस असली लबाडी करतो? फोनवर बोलणं जमेना. दोन्ही खाती बंद करायची असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. काका पाठमोरे बसून मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचत होते, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. समोर पलंगावर उशांना टेकून एक बाई बसलेल्या. त्यांच्यापुढे लॅपटॉपवर मूळ पानाचा फोटो. त्यांनी हातातला चमचा स्टीलच्या वाटीवर आपटला. काका थांबले.

"काय राहिलं? अनुस्वार?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग काय, अख्खी ओळ?"

मान होकारार्थी हलली. काकांनी ओळ भरली आणि मग त्यांना मी दिसले.

"ही आमची कमल. छापखान्यात आम्ही असंच करायचो. मी वाचायचं, हिनं मूळ कागदावर बघायचं. लकवा मारला, वाचा गेली. नजर नाय गेली. वर्षभर नुसती भिंतीकडं बघत पडायची, ताई."

एवढ्या लोकांसाठी पडदा आखला, आणि दोन माणसं मिळून वाचतात हे मला सुचलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाती बंद करायचं मनातून गेलं, तरी खरं ते सांगणं भाग होतं. अडखळत सांगितलं, की नियमाने ही एकच तपासणी धरावी लागेल, आणि पानाखाली नावही एकच राहील.

"मग माझं काढा," काका लगेच म्हणाले. "सकाळी ती आधी स्वतःचं नाव बघती, मगच चहा घेती. तिचं राहू द्या."

कमलकाकूंनी वाटीवर चमचा आपटला, मघाशी ओळ राहिल्यावर आपटला होता तसाच.

"तिला नीट ऐकू आलं नसंल," काका मला म्हणाले. काकूंनी पुन्हा आपटला, आणि काका गप्प होईपर्यंत आपटत राहिल्या.