फिटररावांनी रबर राखल्याची हकीकत

वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. गडकोट सर केल्याच्या हकीकती बहुतांनी लिहिल्या, परंतु एका शयनगृहात एक कंडोम जैसा वापरावा तैसा वापरण्यास पाच वर्षे लागली, हे कोणी लिहिले नाही. सबब भीड बाजूस ठेवून लेखणी उचलली.

कारखान्याचे पंपदुरुस्ती खात्यात फिटरराव म्हणून नामांकित असामी होते. रबरी सीलास कोणी तेलाचा हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत, की तेलाने रबर कुजते आणि मग पंप गळतो. ऐसे जाणते पुरुष घरी येताना अक्कल चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवीत.

घरी बाईसाहेब आणि दोन कन्या. दोन्ही बाळंतपणे पोट फाडून जाहली, आणि धाकटीचे वेळी बाईसाहेब यमाचे दारी जाऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितले, की तिसरे खेपेस जिवाची हमी नाही. रोजच्या गोळ्या बाईसाहेबांस सोसेनात, आणि नसबंदीचा विषय निघताच फिटररावांस कारखान्यात तातडीचे काम निघे. मग मसलत ठरली की कंडोम, आणि तोही दर खेपेस.

या 'दर खेपेस'शीच फिटररावांनी दगा केला. कधी "आज एक दिवस चालतंय" ऐसे फर्मावीत, आणि कधी अर्धी लढाई जाहल्यावर चिलखत चढवीत, आणि पाकीट दातांनी फाडीत, जे मागल्या खिशात सहा महिने शिजत पडलेले असे. नवे आणावयास जावे तर दुकानात बाईमाणूस दिसताच खोकल्याचे औषध घेऊन माघारी फिरत. घरात सात बाटल्या जमल्या; खोकला कोणासच नव्हता.

मग एके रविवारी दुपारी कन्या मावशीकडे रवाना जाहल्या आणि फिटररावांनी मोहीम मांडली. आणि कंडोम चढविला, आणि कारागिरीचा कैफ चढून वरून मालिशचे तेल चोपडले, आणि मग ऐन धुमश्चक्रीत कंडोम फाटला.

बाईसाहेब उठून बसल्या. "तेल लावलंत? रबराला? तुम्ही?" इतकेच पुसले.

दुसरे दिवशी बाईसाहेब जातीनिशी औषधाचे दुकानी गेल्या, आणि चारचौघांदेखत तातडीची गोळी खणखणीत आवाजात मागितली, आणि तेथेच पाणी मागून गिळली. परंतु गोळीने पक्की खात्री होत नाही, सबब पाळीची वाट पाहणे आले. तारीख टळली, आणि वर अकरा दिवस गेले. एके सकाळी फिटररावांनी पाहिले, की बाईसाहेब थोरलीस धाकटीची वेणी घालावयास आणि गॅस बंद करावयास शिकवीत आहेत. थोरली आठ वर्षांची.

"एवढ्यात कशाला?" फिटरराव म्हणाले.

"असू दे. येत असलेलं बरं."

फिटरराव न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. शूरांचे रडणे लिहू नये ऐसा रिवाज आहे, परंतु जाहले ते लिहिले.

बाराव्या दिवशी पाळी आली. बाईसाहेबांचा हुकूम सुटला, की दर खेपेस आणि पहिल्यापासून, एरवी पलंग त्यांचे एकटीचा. फिटरराव त्याच सायंकाळी दुकानी दाखल जाहले. पुढे दोन बायका, मागे खुद्द खात्याचे साहेब. खोकल्याचे औषध जिभेवर आले, ते गिळून फिटरराव मोठ्याने वदले, "कंडोमचं पाकीट द्या. आणि जेल, पाण्याचं. तेलाचं नको." साहेबांनी छतावरील पंख्याची पाहणी सुरू केली.

पुढले रविवारी फिटररावांनी तारीख वाचली, आणि पाकीट बोटांनी फाडले, आणि टोकाची हवा चिमटीत दाबून काढली, आणि मग कंडोम मुळापर्यंत उतरविला. आणि लढाई सरताच वेळ न दवडता कडा धरून माघार घेतली, आणि ऐवज कागदात गुंडाळून कचऱ्याचे डब्यात रवाना केला. त्यापुढील रविवारी कंडोमचे पाकीट रिकामे निघाले. "आज एक दिवस" हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तेथेच ठार जाहले. फिटररावांनी शर्ट चढविला आणि भर उन्हात दुकान गाठले.

येणेप्रमाणे वर्षभर एकही खेप चुकली नाही. मग फिटररावांनी छाती फुगवून शाबासकीची मागणी रुजू केली.

बाईसाहेब म्हणाल्या, "कशाबद्दल? मी जिवंत आहे म्हणून?"

सबब ही फत्ते बाईसाहेबांचे नावे दप्तरी दाखल केली. फिटररावांचे नावे हजेरी लिहिली.