पुस्तकांची उत्तरपूजा

वाचनालयातली झाडून सगळी पुस्तकं सरस्वतीपूजनात मांडायची, ही कल्पना अध्यक्ष सगुणभाऊंची. एरवी लाटंबार्सेच्या त्या वाचनालयात पाटावर एकच पुस्तक ठेवत, त्यावर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की पुस्तक परत कपाटात. पण गोव्याचं राज्य होऊन वर्ष उलटलं होतं आणि वाचनालय लोकांच्या किती उपयोगी पडतं ते बघायला पणजीहून साहेब यायचे होते. म्हणून कपाटांना रंग द्यायचा, म्हणून पुस्तकं खाली काढलेली, आणि काढलीच आहेत तर सगळ्यांचीच पूजा करून टाकू, असं सगुणभाऊ म्हणाले. खाणीवर ट्रक चालवणारा माणूस. कुठलाही माल एका खेपेत हलवायची सवय.

वाचनालय सांभाळायची ती विनोदिनीबाय. सातेरीच्या देवळात रोयणीपुढे, म्हणजे देवीच्या वारुळापुढे, दिवा लावल्याशिवाय ती सकाळचं पाणी घेत नसे. तिने मातीच्या जमिनीवर चादर अंथरली, पुस्तकं रचली, वर लाल वस्त्र घातलं. जयरामभटजींनी पूजा सांगितली, सगुणभाऊंनी अक्षता वाहिल्या. आता उत्तरपूजा होईपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी भटजींचे चुलते वारले.

सुतकात पूजा कोण सांगणार? दुसरा भटजी आणावा असं विनोदिनीबायने हळूच सुचवलं. त्यावर, परगावचा भट आणायला आपला गाव काय ओस पडलाय, असं तिला ऐकवण्यात आलं. बरं, सुतक फिटलं त्याच सकाळी सगुणभाऊंना नातू झाला. आता सोयर. पेढे त्यांनी लांबूनच वाटले. पण ज्याच्या हातची पूजा त्याच्याच हातची उत्तरपूजा, तेव्हा पुस्तकं पुन्हा अडकली.

या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो एका ताराचा. डिचोलीच्या एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती आणि परीक्षेत कोंकणीचा पेपर होता. तारा जन्मापासून कोंकणी बोलत आलेली, पण शिकली मराठी शाळेत. लिहायची वेळ आली की तिचा हात थबकायचा. कोंकणी व्याकरणाचं गावात एकच पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं, ते लाल वस्त्राखाली. आणि नोकरी लागली नाही तर तुळशीचं लग्न झालं की तिचंही कुडाळच्या एका बिजवराशी लावायचं, असं बापाने ठरवून टाकलेलं.

"बाय, तां निळां पुस्तक तेवडां काढून दी गो," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "कोणाक कळतलां?"

"देवीक कळतलां," विनोदिनीबाय म्हणाली. "सोयर सुटला काय पयलां पुस्तक तुजां."

तारा रिकाम्या हाताने घरी गेली. विनोदिनीबायने त्या दिवशी देवळात तिच्या नावाने वेगळी वात लावली. तिला वाटलं, आपण पोरीसाठी पुष्कळ केलं.

इकडे मांडलेली पूजा उपाशी ठेवता येत नाही. रोज दिवा, रोज नैवेद्य, आणि नैवेद्य आला म्हटल्यावर आरतीला माणसं आली. ज्यांनी वाचनालयाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता ते आता चपला काढून आत येऊ लागले. भजन सुरू झालं. वर्तमानपत्राचं टेबल अडचण करतं म्हणून पडवीत गेलं, तिथून पावसात गेलं.

साहेब आले ते नेमके आरतीच्या वेळेला. एवढी गर्दी त्यांनी वाचनालयात म्हणून पाहिली नव्हती. नव्या काळात वाचनालयाने लोकांमध्ये मिसळायला हवं, ते इथे घडलंय, असं सांगून त्यांनी विचारलं की गावाला आणखी काय हवं. कोणी जाजम मागितलं, कोणी भजनाची पेटी, कोणी संगमरवरी चौथरा.

"पुस्तक होया," मागून तारा म्हणाली.

सगळे हसले. सोयरामुळे दाराबाहेर उभे असलेले सगुणभाऊ तिथूनच म्हणाले, "एवडी पुस्तकां आसत मगे गो. आणखी खय ठेवतलंस?"

साहेबही हसले. प्रसादाचा शिरा खाऊन, हे वाचनालय इतरांना दाखवण्यासारखं आहे असं म्हणत ते गाडीत बसले.

सोयर फिटलं तो दिवस ताराच्या परीक्षेच्या आदला. एक रात्र तरी मिळेल म्हणून ती सकाळपासून येऊन बसली होती. भटजींनी मंत्र म्हटले, सगुणभाऊंनी अक्षता टाकून पूजा हलवली आणि विनोदिनीबायने स्वतःच्या हाताने लाल वस्त्र उचललं.

खाली पुस्तकं होती कुठे? ओल्या जमिनीतून चढलेल्या तांबड्या मातीचा एक उंचवटा होता, त्याला दोन बारीक शिखरं. मधूनच एक निळा पुठ्ठा डोकावत होता. सुतक आणि सोयर काही वाळवीने पाळलं नव्हतं.

'वाळवी' हा शब्द विनोदिनीबायच्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात रोज आरतीला येणारी म्हातारी गंगा पुढे झाली आणि तिने जमिनीला डोकं टेकलं.

"हात लावू नकात. रोयण ही. सातेरी इली."

भटजी म्हणाले, देवी आली तिथे उत्तरपूजा कसली. सगुणभाऊंनी तिथल्या तिथे नारळ फोडला आणि संगमरवरी चौथरा इथेच बांधायचा असं जाहीर करून टाकलं. नवी रंगवलेली कपाटं समया ठेवायला बरी पडतील, हेही त्यांच्या लगेच लक्षात आलं.

विनोदिनीबाय वस्त्र हातात धरून उभी. जन्मभर जिच्यापुढे दिवा लावला तिला वाळवी कशी म्हणायची? आणि तसं नाही म्हटलं, तर त्या पोरीकडे कुठल्या तोंडाने बघायचं? घंटा वाजली तसे तिचे हात सवयीने जोडले गेले.

तारा उठली. तिने पदर खोचला, त्या निळ्या पुठ्ठ्याकडे एकवार पाहिलं आणि चपला घालता घालता अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"बाय, देवीचां वाचून झालां काय माका सांग."