जीवरामभाऊंचं नाक आणि रावेरचे पाहुणे

जीवरामभाऊंनी त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं की, दुपारी घटकाभर मुकाट्याने झोपायचं. माणसाने याहून साधं ते काय ठरवावं? पण जीवरामभाऊंनी काही ठरवलं, की जळगावातल्या त्यांच्या गल्लीत शेजारी आधी दाराला कडी लावून घेत. उगाच नाही लावत.

झोप हा त्यांच्या घरात थट्टेचा विषय राहिला नव्हता. भाऊ घोरत, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण घोरता घोरता मध्येच त्यांचा श्वास अडकायचा, हे फक्त त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना माहीत. आवाज बंद पडला की ती बाई दचकून उठायची, "अहो, अहो!" करून हलवायची, मग मोठ्ठा घुर्रकन आवाज व्हायचा आणि गाडी पुन्हा सुरू. रात्र अशी गेल्यावर दिवसा डोळा लागणारच. भाऊ कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात खुर्चीत झोपत, न्हाव्याच्या खुर्चीत झोपत. (न्हाव्याची सोय व्हायची. गिऱ्हाईक हलत नसे.)

तेही चाललं असतं. पण फेब्रुवारीत लेकीला, हेमलताला, बघायला धुळ्याचे पाहुणे आले. मुलाच्या मामांनी मोठ्या अदबीने विचारलं, "मूळ गाव कोणतं तुमचं?" आणि उत्तरादाखल जीवरामभाऊ घोरले. खणखणीत घोरले. मामा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "आमच्याशी बोलायचा एवढा कंटाळा होता, तर तसं कळवायचं. एस.टी.त बसून तरी आलो नसतो."

हेमलता उठली. मोरीत जाऊन कप विसळत बसली. चारच कप होते, पण नळ फार वेळ वाहत राहिला. भाऊंना तो नळ पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता. लेक त्यांचा जीव की प्राण, आणि तिचं जमत आलेलं त्यांनी झोपेत मोडलं होतं!

मग मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रात्रभर तपासलं आणि परदेशातून आलेलं एक मशीन दिलं. सत्त्याण्णव सालची गोष्ट, जळगावात असलं मशीन कुणी पाहिलेलं नव्हतं. बिस्किटाच्या डब्याएवढी पेटी, तिला लांब नळी, आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. पेटी खोलीतली हवा ओढून नाकात जोराने सोडायची, की घसा मोकळा राहायचा. घोरणं बंद! पहिल्या रात्री सुनंदाबाई आवाज नाही म्हणून तीनदा उठल्या.

पण मे महिना लागला. जळगावची मे महिन्यातली हवा नुसती अंगाला लागली तरी माणूस हाय खातो, इथे ती पेटी नाकात कोंबत होती. नाक आतून कोरडंठाक पडलं, भगभगायला लागलं, खपल्या धरल्या. भाऊ झोपेतच मास्क ओरबाडून फेकून द्यायचे. झोप पुन्हा गेली, ऑफिसात पुन्हा डुलक्या सुरू झाल्या.

थोरली बहीण पुष्पाअक्का चोपड्याहून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्यात काय! नाकात तूप सोड. मी सांगते तुले, लोण्यासारखं होईन नाक."

भाऊंनी वाटीभर तूप नाकाला, गालाला, मिशीला चोपडलं. रात्रीत मास्क घसरत घसरत हनुवटीवर आला आणि मशीनने पहाटेपर्यंत त्यांच्या गळ्याला वारा घातला.

गावातले नाकाचे डॉक्टर भडकलेच. "तूप नाही, तेल नाही, बाम तर मुळीच नाही! हवेच्या जोराने छातीत गेलं तर नसती आफत. मास्कचं रबरही खराब होतं. हे मिठाच्या पाण्याचे थेंब घ्या. झोपायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत सोडायचे. आणि मशीनला जोडायचं पाण्याचं भांडं मुंबईहून मागवा. त्यात उकळून गार केलेलं पाणी, रोज नवं. बस्स."

"नुसतं मिठाचं पाणी?" भाऊ घरी येऊन कुरकुरले. "एवढ्यासाठी एवढे शिकले?" आणि बाटली कपाटावर ठेवून दिली.

अशात रावेरहून निरोप आला. केळीवाले पितांबरभाऊ, त्यांची बायको प्रमिलाबाई आणि शाळेत मास्तर असलेला मुलगा बुधवारी पाच वाजता येणार. मुलाला हेमलताने एका लग्नात पाहिलं होतं. बुधवारी सकाळीच तिने निळी साडी इस्त्री करून ठेवली. भाऊंनी आधी ती साडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या, "आज डोळा लागला तर मी माहेरी जाईन आणि पोरीलाही नेईन."

"आत्ताच झोपून घेतो ना! म्हणजे पाचला टक्क जागा!"

झोपायचं तर मशीन हवं, आणि मशीन लावलं की नाक पेटतं. इथे भाऊंची बुद्धी चालली. हवा कोरडी आहे ना? मग मशीनच कूलरच्या तोंडाशी ठेवू! ओली, गार हवा आपोआप नाकात. आपण इंजिनिअर व्हायला हवं होतं, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. मागच्या खोलीत खिडकीला कूलर होता. त्याच्यापुढे स्टुलावर पेटी ठेवली, मास्क चढवला, पट्टे आवळले. काय सुख! नाक निवलं. भाऊ गाढ झोपले.

आता कूलरचं तोंड खोलीत असलं, तरी पाठ परसात असते, हे इंजिनिअरला कळलं असतं.

इकडे अक्का भावजयीला म्हणत होती, "रावेरच्या लोकायले जुन्या मसाल्याची शेवभाजी वाढशीन? नाक कापशीन माह्या भावाचं! पण घरात मिरच्या परतू नको हो, जीवराम झोपेल हाये. त्याले त्रास नको." म्हणून केवळ भावाच्या मायेपोटी तिने परसात, कूलरच्या बरोबर मागे, चूल मांडली. कढईत तेल तापलं. लवंगी मिरच्यांचा पहिला घाणा पडला.

मिरचीचा ठसका सगळ्यांना ठाऊक असतो. पण तो ठसका कूलरने ओढून, मशीनने दाबून, सोललेल्या नाकात नळीने पोचवणं, हे जगात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

भाऊ उठले नाहीत, उडाले. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पट्टे ओढावे तर आणखी आवळले. नळी उपटली गेली आणि सोंडेसारखी लोंबू लागली. आंधळ्यासारखे भिंत चाचपत ते बोळातून पुढे धावले, दाराशी कसाबसा मास्क उपसून फेकला आणि पाण्याच्या माठाकडे म्हणून थेट बैठकीत शिरले.

बैठकीत रावेरचे पाहुणे बसलेले होते. केळीची गाडी लवकर निघाली, तिच्यातूनच आले होते.

हेमलता सरबताचा ट्रे घेऊन उभी. सुनंदाबाईंचा चेहरा पांढराफटक. संपलं, आता धुळ्याचीच गत! भाऊंच्या डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, छाती लोहाराच्या भात्यासारखी. त्यांना म्हणायचं होतं, "हेमा, पाणी!" पण पुढचा शब्द निघेचना.

"हेमा..." ते लेकीकडे हात करून म्हणाले. "हेमा... हेमा गं..."

मुलगा खाली बघू लागला. पितांबरभाऊ सावकाश उठले. जीवरामभाऊंनी डोळे मिटून घेतले. आता टोपी घालणार.

पितांबरभाऊंनी त्यांना मिठीच मारली. "भाऊ! आरे अजून तं हो बी नाही म्हटलं आमी, अन् तुमी आतापासून रडून राह्यले? इतका जीव हाये लेकीवर?"

प्रमिलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. (त्यात थोडा वाटा मिरचीचाही असावा. बोळातून वास येऊ लागला होता.) "अशा मायेच्या घरची पोरगी," त्या म्हणाल्या, "हातची सोडू नये हो."

"तसं नाही, ते मशीन..." भाऊंनी सुरुवात केली. सुनंदाबाईंनी असं पाहिलं की पुढचा 'मिरची' हा शब्द आपोआप गिळला गेला.

लग्न ठरलं. त्या रात्री भाऊंनी मुकाट्याने कपाटावरची बाटली काढली, नाकात थेंब सोडले आणि मशीन कूलरपासून लांब ठेवलं. पुढे मुंबईचं भांडंही आलं. नाक निवळलं, झोप जुळली. लग्नात तर भाऊ सकाळपासून इतके ताजेतवाने होते, की न्हाव्याने ओळखच दाखवली नाही.

संध्याकाळी पाठवणी. हेमलता पाया पडायला वाकली, आणि भाऊंना एकाएकी तो मोरीतला नळ आठवला. हुंदका आला. मग दुसरा. मग त्या माणसाला आवरेचना. लहान मुलासारखे, मांडवाच्या मधोमध ते भडाभडा रडले. आयुष्यात असं खरं ते कधीच रडले नव्हते.

पण हेमलताने मिरचीची गोष्ट साखरपुड्यातच सासरी सांगून टाकली होती.

"आरे, पानी आना रे कोनी!" पितांबरभाऊ ओरडले. "आमच्या व्याहीले परत ठसका लागला!"

मांडव खदखदून हसला. अक्का हसली, मास्तर हसला, डोळ्यांत पाणी असलेली हेमलतासुद्धा हसली.

"अहो, खरं रडतोय मी!" भाऊ कळवळून म्हणाले. "देवाशपथ खरं!"

"हो, हो," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून थेंबांची बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली.